एकतीस नंबर पोहोचला होता

१

पाण्याच्या व्हॅनमधून धाकट्याला उतरवून घेतलं तेव्हा सव्वाबारा वाजले होते, आणि शर्यतीची वेळ नोंदवणाऱ्या घड्याळमावशीच्या हातातला कागद ठासून सांगत होता की हा माणूस दहा वाजून पंचवीस मिनिटांनी धावत वर पोहोचला आहे.

तिने कागद पुन्हा वाचला. एकतीस नंबर. शेजारी तिच्याच अक्षरात वेळ, आणि वेळेपुढे तिनेच केलेली बरोबरची खूण.

सहा दिवसांच्या धावण्याच्या शर्यतीचा तो चौथा दिवस, टाइम ट्रायलचा. बारा किलोमीटरचा चढ, वर बंद पडलेली वेधशाळा. त्या दिवशी कुणी कुणाच्या खांद्याला खांदा लावून पळत नाही. दर दोन मिनिटांनी एकेक जण सुटतो. तीन दिवसांत सगळ्यात मागे पडलेला आधी आणि पहिला असलेला सगळ्यांत शेवटी. पुढे मोकळा रस्ता, मागे मोकळा रस्ता. आज तर रस्ताही नव्हता. सकाळपासून धुकं उतरलं होतं आणि त्यातून बारीक, बोचरी भुरभुर चालली होती.

नर्सताई गुडघ्यावर बसली. ती शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होती, पण आत्ता तिच्या अंगावर धावण्याचे कपडे असूनही ती फक्त नर्स होती. तिने धाकट्याच्या मानेला बोटं लावली आणि लगेच काढली. मग पोट चाचपलं.

"पोट दगडासारखं झालंय," ती म्हणाली. "आतल्या आत रक्त गेलंय. कठड्यावर जोरात आपटला असणार."

"कधी?" सरांनी विचारलं. सर म्हणजे शर्यतीचे सर्वेसर्वा, निवृत्त क्रीडाशिक्षक.

"गेला असेल तासाभरापूर्वी. पण लगेच नाही गेला. हे असलं हळूहळू होतं. वेळेत खाली नेलं असतं, तर..."

थोरला व्हॅनच्या दाराला टेकून उभा होता. त्यानेच भावाला शोधून काढलं होतं आणि व्हॅन थांबवली होती. त्याच्याकडे बघायची कुणाची छाती होत नव्हती.

मावशी खाली वाकली. मेलेल्या माणसाच्या तोंडाकडे तिला बघवेना, म्हणून तिने पायांकडे बघितलं. डाव्या घोट्यावर चिपचा पट्टा होता. या चिपमुळेच शेवटच्या रेषेवरच्या रबरी पट्टीला कळायचं, कोण आलं ते. नवरा गेल्यापासून मावशी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवत होती. माणसाचा चेहरा विसरेल, पण पट्टा कुठल्या भोकात अडकवला ते ती विसरत नसे. सकाळी तिने स्वतःच्या हाताने हा पट्टा चौथ्या भोकात अडकवला होता.

आता तो दुसऱ्या भोकात होता, घोट्यावर ढिला लोंबत.

२

वेधशाळेच्या एकुलत्या एका खोलीत ओल आली होती. भिंतीवर जुन्या उपकरणांच्या खिळ्यांची भोकं होती. मधल्या लांब टेबलावर मावशीचं यंत्र, तिचे कागद आणि थंड झालेले चहाचे पेले पडले होते.

"पोलीस तीनपर्यंत येतील," सर म्हणाले. "त्यांना काय सांगायचं ते आपल्याला कळायला हवं. सरळ आहे. पोरगा वर पोहोचला, मग अंग मोकळं करायला परत खाली गेला, घसरला. शर्यत संपल्यावरची गोष्ट आहे ही."

"त्याचा पट्टा कुणीतरी काढून परत बांधलाय," मावशी म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. मावशी बारा वर्षं त्यांच्या शर्यतीची वेळ घेत होती. ती उगाच बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती आधी थोरल्याशी बोलली. तो कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, भावाचं ओलं जाकीट मांडीवर घेऊन. बावीस नंबर, चौथा क्रमांक. टाइम ट्रायलला धाकट्याच्या दोन मिनिटं आधी सुटलेला.

"आम्ही बरोबरच वर आलो मावशी," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय ना."

"लिहिलंय खरं. मग तो कुठे गेला?"

"पाय मोकळे करून येतो म्हणाला. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले... साडेअकराला मला राहवेना. निघालो बघायला."

"एकटाच?"

"कुणाला कशाला त्रास द्यायचा."

वडील गेल्यावर थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं, पळायला शिकवलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर व्हॅनचा ड्रायव्हर चाकांवरचा चिखल काठीने काढत होता. तोही हादरला होता.

"मी सकाळपासून त्या नाल्यावरच्या मोरीवरून दोनदा गेलो मावशी. काही दिसलं नाही. दिसणार कसं? रस्त्याच्या कठड्याआड, खाली नाल्याच्या अंगाला होता तो. माथ्यापासून चार किलोमीटर खाली. एवढ्या धुक्यात थोरल्याला कसा सापडला कोण जाणे. रक्ताची ओढ असते ती."

मावशी परत फिरणार, तोच आतून सरांचा चढलेला आवाज आला. "खोटं बोलू नकोस! यादी माझ्या हातात आहे!"

३

सर नर्सताईपुढे उभे होते. शेजारी वेल्डर हाताची घडी घालून बसला होता. तो शर्यतीतला पहिला, म्हणून आज सगळ्यांत शेवटी सुटलेला. दिवसभर ठिणग्यांपुढे बसणाऱ्या त्या माणसाचं कुणाशी फारसं पटत नसे.

"मावशी, तुम्हीच विचारा यांना," सर म्हणाले. "धाकट्याच्या मागे हे दोघंच होते. तो पडला, यांना दिसला. आता नियम काय आहे? एक जरी माणूस वर आला नाही, तर त्या दिवसाची शर्यत थांबवायची, कुणाचीच वेळ धरायची नाही. आणि या दोघांच्या आज सगळ्यांत चांगल्या वेळा आहेत! म्हणून चिप काढली, वर आणून पट्टीवरून नेली. सगळे पोहोचले म्हणून आपण वाटेवरची आपली माणसं काढून घेतली, आणि तो तिथे मरत पडला."

"मी काही बघितलं नाही," नर्सताई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मावशीने स्टूल ओढलं. "वाटेत कुणाला मागे टाकलंस?"

"कुणालाच नाही."

"बघा!" सर उसळले. "दोघे भाऊ हिच्या आधी सुटले आणि हिच्या नंतर वर आले. यादीत स्पष्ट आहे. मग ओलांडलं नाही तर काय उडून आली ही?"

"मला नाही माहीत. मला कुणी दिसलं नाही."

"तू रे?" मावशीने वेल्डरला विचारलं.

"मलाही कुणी नाही. मधल्या पुलापासून वरपर्यंत एक माणूस नाही." तो मान वर न करता बोलला. "मी खाली बघून पळतो, मान्य. पण माणूस मागे टाकला की कळतं. तेवढ्यासाठीच तर पळतो आपण."

"दोघांनी ठरवून सांगितलंय," सर म्हणाले. "पोलिसांना दोघांची नावं देणार मी."

दारात बाकीचे धावपटू गोळा झाले होते. "नर्स आहे म्हणे," कुणीतरी मोठ्याने बोललं. नर्सताईने ते ऐकलं. तिने ओढणीसारखा गळ्यात घेतलेला टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मावशीने सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावून परत नर्सताईसमोर बसली.

"मोरीपाशी काही ऐकलंस?"

नर्सताईने टॉवेल खाली घेतला. मग म्हणाली, "एक आवाज आला होता. 'ता' असा. एवढाच. मग काही नाही. मोरीतून पाणी खळखळत होतं. मला वाटलं, पाणीच." तिने मावशीचं मनगट धरलं. "मी क्षणभर थांबायला हवं होतं का हो?"

त्याच क्षणी मावशीला आठवलं, दहा पंचवीसला ही बाई कुठे होती ते.

४

दहा पंचवीसला नर्सताई आणि वेल्डर दोघंही याच खोलीत, मावशीच्या पाठीमागे, टॉवेल गुंडाळून चहा पीत बसले होते. नर्सताई दहा एकवीसला वर आली, वेल्डर दहा बावीसला. एकतीस नंबरची चिप पट्टीवरून गेली ती त्यानंतर तीन मिनिटांनी. म्हणजे ती नेणारा या दोघांपैकी नव्हता. सरांना राग आला होता, म्हणून त्यांनी एवढं साधं गणित केलं नव्हतं.

मग पट्टीवर कोण होतं?

मावशीने यंत्राचा कागद आणि स्वतःचा कागद शेजारी शेजारी ठेवले. हा प्रश्न ती सव्वाबारापासून टाळत होती, हे तिचं तिला कळत होतं. नियम असा होता की यंत्र वाजलं तरी माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करायची नाही. दहा पंचवीसला यंत्र दोनदा वाजलं, लागोपाठ. खिडकीची काच ओलीने आंधळी झालेली. तिला धुक्यातून मान खाली घातलेली एक आकृती येताना दिसली. एकच. यंत्राने दोन नंबर दाखवले, बावीस आणि एकतीस. भाऊभाऊ जोडीने आले असतील, एक दुसऱ्याच्या आड असेल, असं मनाशी म्हणून तिने दोन्ही नंबरांपुढे खुणा केल्या. बाहेर जायचा कंटाळा आला होता. थंडी होती. मग तिनेच सरांना सांगितलं, सगळे आले.

तिने चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं.

अर्ध्या वाटेवरच्या पुलावर दुसरी पट्टी होती. थोरला तिथून गेला नऊ एकोणपन्नासला. धाकटा त्याच्या मागे फक्त वीस सेकंदांवर. दोन मिनिटं मागून सुटलेल्या पोराने सहा किलोमीटरमध्ये शंभर सेकंद भरून काढले होते. या वेगाने त्याने पुढच्या दीडएक किलोमीटरमध्येच भावाला मागे टाकलं असणार. माथ्यावर तो दीड मिनिटाच्या आसपास आधी पोहोचायला हवा होता. आणि पोहोचला कधी? थोरल्याबरोबर, एकाच सेकंदाला.

म्हणजे दोन चिपा आल्या, पण पाय एकाचेच होते.

सगळे विचारत होते, धाकट्याच्या मागे कोण होतं. सुटताना थोरला पुढे होता, म्हणून त्याचा कुणी विचारच केला नाही. पण धाकट्याने ओलांडलं त्या क्षणापासून थोरला मागचा झाला होता. भाऊ पडला तो त्याच्या डोळ्यांसमोर.

आणि ते दोघे, ज्यांना सगळे खोटं ठरवत होते, ते अक्षरशः खरं बोलत होते. त्यांनी रस्त्यावर कुणालाच ओलांडलं नाही, तरी थोरला त्यांच्या नंतर वर आला. कारण ते गेले तेव्हा थोरला रस्त्यावर नव्हताच. तो कठड्याआड होता. भावापाशी.

तिथे काय झालं, हे तिला अजून कळत नव्हतं. आणि नर्सताईने ऐकलेलं ते एक अक्षर तिच्या कानातून जाईना.

५

तिने सरांना, नर्सताईला आणि वेल्डरला आत बोलावलं. थोरलाही परत कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला. मावशी टेबलाशी न बसता त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"आधी माझं सांगते," ती सरांकडे न बघता म्हणाली. "एकतीस नंबरपुढची खूण मी न बघता केली. ती केली नसती तर साडेदहालाच व्हॅन खाली गेली असती. हे पोलिसांना मी स्वतः सांगणार आहे." मग ती थोरल्याकडे वळली. "आता तू सांग. तू काही पाय मोकळे करायला गेलेल्या भावाला शोधत गेला नव्हतास. तो कुठे आहे ते तुला ठाऊक होतं. ड्रायव्हरला दोनदा दिसला नाही, तुला पहिल्या फेरीत सापडला. गेल्यावर पट्टा परत बांधलास. हात गारठले असतील, भोक चुकलं."

थोरल्याने मांडीवरचं जाकीट नीट घडी करायला घेतलं.

"त्यानेच दिली चिप," तो म्हणाला. "माझ्यापुढे शंभर पावलांवर घसरला. कठड्यावर आपटला. पाय मुरगळला होता, उभं राहता येईना. म्हणाला, दादा, मी बाद होईन. चिप तू ने. मी सावकाश येतो, कुणाला सांगू नकोस. मी त्याला आडोशाला बसवलं. दोन दिवस तर राहिले होते. पाय बांधून पळाला असता. पहिल्या तिघांना बाहेरदेशी मोठ्या शर्यतीला पाठवतात... तो तिसरा होता."

नर्सताईने हळू आवाजात विचारलं, "खांदा दुखतोय म्हणाला होता का? डावा?"

थोरल्याने आश्चर्याने वर बघितलं. "हो. मी चोळून दिला."

"तो खांदा नसतो दुखत," ती म्हणाली. "पोटातलं रक्त असतं ते." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे पोराने स्वतःच..."

"नाही," मावशी म्हणाली.

तिला हे बोलायचं नव्हतं. पण एक बाई जन्मभर स्वतःला विचारत राहिली असती, की मी थांबायला हवं होतं का.

"ही मोरीवरून गेली तेव्हा तिला आवाज आला. 'ता'. धाकटा हिला काय म्हणायचा?"

"ताई," वेल्डर म्हणाला. "सगळे म्हणतात."

"ज्याला गप्प राहायचंय तो हाक मारत नाही. आणि हाक मारणारा माणूस अर्ध्या शब्दावर स्वतःहून थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं." मावशी पुढे झुकली. "त्याला चिप द्यायची नव्हती. त्याला ताईची मदत हवी होती. हो ना रे?"

थोरल्याने घडी केलेलं जाकीट पुन्हा उलगडलं. बराच वेळ तो नुसता त्याची चेन खालीवर करत राहिला.

"दादा, बस झालं म्हणाला," शेवटी तो बोलला. "मला खाली घेऊन चल म्हणाला. मी म्हटलं, वेडा आहेस का, एवढ्या वर्षांची मेहनत घालवतोस, मला नाही जमलं ते तुला जमतंय. नुसता पाय मुरगळलाय. चिप मीच काढली. तेवढ्यात पावलं वाजली. धुक्यातून दिसलं, ताई येतेय. त्याने तोंड उघडलं आणि मी हात ठेवला."

त्याने आपला उजवा तळवा समोर धरला, जणू त्यावर काही उमटलेलं आहे.

"त्याने हात बाजूला केला नाही मावशी. चावला नाही, ढकललं नाही. मागून वेल्डर गेला तोवर तसाच बसला. लहानपणापासून माझं ऐकायचा तो."

वेल्डर उठला. त्याच्या जबड्याचे स्नायू ताठले होते. तो थोरल्यापर्यंत गेला, क्षणभर त्याच्यासमोर उभा राहिला, आणि मग काहीच न करता दार उघडून बाहेर धुक्यात निघून गेला.

"वर आल्यावर का नाही बोललास?" सरांनी विचारलं. "दहा पंचवीसला बोलला असतास, अकराला बोलला असतास."

"आत्ता येईल, आत्ता येईल, असं वाटत होतं. पायवाटेने सावकाश ये म्हणून सांगितलं होतं मी त्याला. मग उशीर झाला, तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. भीती वाटली. तिसरा क्रमांक जाईल याची. खरंच, तेव्हा याचीच भीती वाटत होती."

६

पोलिसांच्या आधी धाकट्याची बायको पोहोचली.

भाड्याची गाडी वेधशाळेच्या अंगणात शिरली तेव्हा भुरभुर थांबली होती, पण उजेड काही आला नव्हता. ती उतरली. फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं की पडला आणि गेला. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या आणि ते तिला कळलेलं नव्हतं.

सर पुढे झाले. "मी बोलतो तिच्याशी," ते थोरल्याला म्हणाले. "तू बस आत."

"नको," थोरला म्हणाला.

मावशी त्याच्याबरोबर पायरीपर्यंत गेली. पुढची पावलं त्याला एकट्यालाच टाकायची होती. नर्सताई व्हॅनपाशी उभी होती. तिने धाकट्याचे केस पुसून सारखे केले होते.

बायकोने थोरल्याला पाहिलं आणि इतका वेळ आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं. ती धावत आली आणि लहान मुलीसारखी त्याच्या बाहीला धरून रडू लागली. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवता येईना.

"दादा," ती हुंदक्यांतून म्हणाली, "वाटेत मी सारखी एकच गोष्ट मनाशी म्हणत होते. तुम्ही होतात ना तिथे. एकटे नव्हते ना ते. तेवढं तरी सांगा मला."

हो म्हणणं किती सोपं होतं. मावशीला वाटलं, म्हणू दे. या बाईला तेवढं तरी घेऊन घरी जाऊ दे. बाकीचं पोलिसांच्या कागदातून उद्या कळेलच.

थोरल्याने हळूच तिची बोटं आपल्या बाहीवरून सोडवली.

"एकटाच होता," तो म्हणाला. "मी त्याला सोडून आलो. बस खाली, सगळं सांगतो."

आणि तो तिथेच, अंगणातल्या चिखलात, तिच्यासमोर खाली बसला.